दोन तिरप्या रेघा

रुवीत, मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर,
गुरुवारी ते दोघं येतात.
तो सोहारहून थेट, बुटांवर साइटची पांढरी धूळ.
ती आधीच आलेली, दाराजवळच्या खुर्चीत.

मी कागदावर त्यांचं घर काढते.
पुरुष चौकोन, बाई गोल,
भांडण म्हणजे करवतीची रेघ,
अबोल्याला ठिपके.
दोघं बघतात,
जणू मी रक्ताचा रिपोर्ट वाचतेय.

"शर्विलला आमच्या मधोमध काढा," हेमांगी म्हणते.
"बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.
आईला सांग, मी खाऊन आलोय.
नऊ वर्षांचं पोर, टपालखातं झालंय."
निशिकांतला हसू येतं. तो ते गिळतो.

वेगळं होण्याची खूण पुस्तकात सोपी आहे:
जोडरेघेवर दोन तिरप्या रेघा.
मी नुसती दाखवायला पेन्सिल टेकवते, तर ती,
"थांबा. माझा व्हिसा यांच्या नावावर आहे.
तुमची रेघ पडली की मी बॅगा भरायच्या.
म्हणून मी गप्प बसते. राग नसतो तो,
भीती असते."

हा प्रश्न मी शिकले त्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणतो.
"व्हिसाचं?"
"नाही. भीतीचं."

खाली मगरिबची अजान. वेळ संपलेली, मी सांगत नाही.
माझ्या वहीत महिनाभराची नोंद आहे:
पत्नी लांब बसते.
आज विचारलं, तेव्हा म्हणाली,
"एसीखालची खुर्ची एकच आहे ना.
ते उन्हातून येतात."