कालवं उघडणारी

डॉक्टर कुवाबारांनी विचारलं, कामाचा हात कुठला?
मी म्हटलं, एक धरतो, एक उघडतो.
तुम्हाला कुठला हवा?

ते हसले. डावा घेतला.
बावन्न हिवाळे ज्यानं इशिनोमाकीची कालवं धरून ठेवली
तो हात उताणा करून फळीला बांधला.
मनगटात बारीक सुई, मग केसाहून जराशी जाड तार,
आणि ती निघाली, कोपर, खांदा,
मागच्या दारानं येणाऱ्या शेजारणीसारखी
चपला न वाजवता
थेट चुलीपाशी.

मी जागी होते.
पडद्यावर माझीच नदी, काळी,
आणि एका वळणावर काहीतरी अडून बसलेलं.
"चुना," ते म्हणाले. "दगड झालाय.
नुसत्या फुग्याला दाद देणार नाही."
मला ओळख पटली.
जन्मभर बाहेर टाकत आले ते कवच
आत कधी राहायला आलं, कळलं नाही.

शिंपला फोडायचा नसतो.
नव्या मुलींना मी हेच सांगते.
जोर केलात की मांस फाटतं, मालक पैसे कापतो.
बिजागरीपाशी एक जागा असते,
पातं तिथे सरकवा, आतला अडसर शोधा,
एक हलका फेर.
कालवाला कळायच्या आत ते उघडलेलं असतं.

डॉक्टरांकडे पातं नव्हतं.
इवलासा फुगा, आत पाणी,
आणि त्यातून ठोके. टक्. टक्. टक्.
दहा झाले की थांबायचं, पुन्हा दहा.
छातीवर कुणी पाटा ठेवावा, उचलावा, तसं.
दगडाला तडे गेले,
भिंत मऊच राहिली.
मी मोजत होते.
चूक काढायला काही सापडलं नाही.

संध्याकाळी मनगटावर हवेचा पट्टा.
नर्स यायची, चिमूटभर हवा सोडायची, जायची.

बाराव्या दिवशी गावच्या न्हाणीघरात
थोरली बहीण मित्सुनो.
तिचं ऑपरेशन सव्वीस वर्षांपूर्वीचं:
गळ्याखालून पोटाच्या तोंडापर्यंत एक शिवण,
पायावर दुसरी, जिथून शीर काढून घेतली.
तो सगळा हंगाम ती उशी छातीशी आवळून खोकली,
तिच्या वाटणीची कालवं मी उघडली.

वाफेत तिनं माझा हात उलटा केला.
चष्मा नव्हता.
"कुठे?"
मी बोट ठेवलं. तिळाएवढं.
"एवढंच?"
"एवढंच, ताई."

बराच वेळ नळच बोलत राहिला.
मग ती माझी पाठ घासायला लागली,
रोजच्यापेक्षा जरा जोरात.
"बरं झालं," म्हणाली,
"आता रडगाणं गायला तुला जागाच नाही."

माझी पाळी आली तेव्हा तिची पाठ घासली, खांदे,
आणि ती वळली,
तसा हात आपोआप हलका झाला,
बिजागरीपाशी होतो तसा.