पावतीपुस्तक

चोपड्यात, यावल रोडला, आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
पावत्या तो लिहितो, कार्बन मी घालते.

त्या चैत्रात त्याचं अक्षर वाढलं.
'पाच एचपी, बेरिंग बदलणे' एवढंच,
पण मात्रा वरच्या रकान्यात शिरली,
सही कागद सोडून टेबलावर उतरली.
मी हसले. म्हटलं, माणूस खुशीत आहे.

खुशीतच होता.
एका रात्रीत सात मोटारी उघडल्या,
तांब्याची तार अंगणभर.
पहाटे तीनला मला उठवलं:
तापीचं पाणी सातपुड्यावर चढवील असा पंप
डोक्यात तयार आहे, फक्त कागद हवा.
एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर.
झोप नाही, आणि थकवाही नाही.
धुळ्याला जाऊन एका जिपेचा इसार देऊन आला.
गिऱ्हाईकं म्हणाली, लीलाधरभाऊ, काय जोर शे!
सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या.
मलाही, खरं सांगते, तो आवडायचा तेव्हा.

आश्विनात शटर अर्धं.
मोटारी पोट उघडं टाकून पडलेल्या,
केळीवाले दारात,
आणि हा आत, भिंतीकडे तोंड करून,
पुढ्यातली कळण्याची भाकरी वाळून खापर.
पावती लिहिली तर अक्षर मुंगीएवढं,
थंडी वाजल्यासारखं एकमेकांना चिकटलेलं.
आळस, दीर म्हणाला. दारू असेल, शेजार.
ऊन बाधलं, सासूबाई. आश्विनात.

रद्दीला द्यायला तीन वर्षांची पुस्तकं काढली
आणि पिवळ्या प्रती उलटत बसले.
मोठं. मोठं. ओळी ओलांडणारं.
मग बारीक.
मग त्याचं नाहीच,
पुढची दोन पुस्तकं माझ्या अक्षरात.
पुन्हा मोठं.
रद्दीवाला बाहेर काटा धरून उभा.

सासूबाईंना वाचता येत नाही.
तरी त्यांनी पानांवरून बोट फिरवलं,
बराच वेळ.
"ह्याना बाप बी असाच करे.
मधमाच निंघी जाये नर्मदाले.
लोके म्हनेत, देवमानूस शे."

जळगावच्या डॉक्टरांनी पावत्या मांडल्या
पत्ते मांडावेत तशा, तारीखवार.
किती तास झोपायचे तेव्हा, त्यांनी विचारलं.
मोटारी किती झाल्या ते सगळ्यांना माहीत होतं.
आजाराचं नाव मी एका पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं.
बायपोलर.
गोळ्या, रक्ताची तपासणी,
आणि मे महिन्यात अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही.

आता अक्षर रेघेत असतं.
कधी म्हणतो, तांब्याला पूर्वीसारखा वास येत नाही.
त्यावर मी काय बोलू?

काल हर्षालीनं 'ग' काढला, पाटीएवढा.
माझ्या हातून कार्बन निसटला.
चार वर्षांची आहे ती,
त्या वयात सगळेच मोठं काढतात.
पाटी मी पुसली नाही.

तो बघत होता.
पावती माझ्यापुढे सरकवून म्हणाला,
"बघ, आज किती भरतं?"
मी नख ठेवून मोजलं.