बिल्ला

मागची खोली दोघा पोरायले देली.
पांढरे सदरे, काये टाय, छातीवर बिल्ला.
धरम इचारला तं मॉर्मन म्हनाले.
बिल्ल्यावर 'एल्डर' लिहेल हाये,
मतलब वडीलधारा.
वडीलधाऱ्याले अजून धड मिशी नाई.

साडेसाले उठतेत, पुस्तक वाचतेत,
मंग सायकली काढून आर्वीच्या रोडानं.
एक मांगं रायला का दुसरा थांबते.
कोनी बलावलं तं त्याच्याच घरी जातेत.
नाई बलावलं
तं वच्छलाच्या तुरीच्या पेंढ्या उचलू लागतेत.

चाय घेत नाईत. हेच मले कठीन जाते.
दारात आलेल्याले चाय नाई
तं बोलनं सुरू तरी कुठून कराव?

सोमवारी सदरे धुतेत.
लहाना, काकीनाड्याचा, येसुपादम,
कॉलर घासता घासता मायसंग फोनवर बोलते.
तेलगू मले समजत नाई.
पन न जेवता "जेवलो" म्हनलेलं
कोन्याबी भाषेत समजते.

काल भाकर अन् अंबाडीची भाजी नेली.
त्यानं डोये मिटले, हात बांधले.
मी तशीच उभी, पदर सावरून,
कोनासंग बोलून रायला काय मालूम.
भाजी निवली.
वडील, म्हटलं,
खा आता.