पाण्याची पाळी

जुवैना आणि हुमैद अकरा वर्षं बोलत नाहीत.
भांडण एका खजुरीवरून,
ती खजुरीही आता वठली.

पण पहाटे, कृत्तिका पडक्या बुरुजावर टेकल्या
की हुमैद पाटात उतरतो,
दगड सरकवतो, चिंधी उपसतो,
आणि पाणी तिच्या वाफ्यांकडे वळतं.
हाक नाही. खाकरणंही नाही.
फक्त ओल्या पायांचा आवाज, दूर जाणारा.

ओमानच्या डोंगराच्या पोटातलं हे पाणी,
कुणाचं म्हणावं?
वहीत पाळ्या लिहिल्यात, अर्धा तास, पाव तास,
विधवांच्या, पोरक्यांच्या, मशिदीच्या,
आणि एक पाळी खुद्द पाटाच्याच नावावर.
तिचा लिलाव होतो, त्यातून
गाळ काढणाऱ्यांची मजुरी, चुना, दोरखंड.
मला ती पाळी फार आवडते.
जो सगळ्यांना पाजतो, त्याच्यासाठीही घोटभर ठेवलेला.

खल्फानचा मुलगा मस्कतहून आला, म्हणाला,
घरोघरी बोअर मारा, भांडणच मिटेल.
मिटेल की, मी म्हटलं.
मग पहाटे कुणाला कुणासाठी उठावंही लागणार नाही.

गेल्या महिन्यात हुमैद तापाने पडला.
कृत्तिका टेकल्या. जुवैनाने वाट पाहिली,
मग कंदील घेऊन स्वतःच वर गेली,
दगड सरकवला,
आणि थबकली.
त्याच्या वाफ्याचा एक कोपरा कोरडाच होता.
दगड तिने परत लावला,
पदर सावरून उभी राहिली
कोपरा भिजेपर्यंत.

वहीत याची नोंद नाही.
वही मीच लिहितो.