हातचा

नोर्डवाइकच्या त्या खोलीतून समुद्र दिसत नाही.
वाळूच्या टेकडीपलीकडे तो नुसता ऐकू येतो,
फेब्रुवारीत तर तेवढाही नाही, वाराच असतो.

अकरा खुर्च्या, अकरा पडदे, मॉडेल एकच.
मी त्याचा राखणदार. माझं काम एवढंच
की एका वस्तूला दोन नावं पडू नयेत,
एका बॅटरीची दोन वजनं असू नयेत.

पूर्वी ज्याची त्याची वही होती.
वीब्रेनच्या वहीतलं यान गुरुवारचं,
दुआर्तेच्या वहीतलं मागच्या महिन्याचं;
ती दोन यानं एकमेकांना भेटली
थेट जोडणीच्या दिवशी,
भोक उजवीकडे, बोल्ट डावीकडे.

आता आउने बॅटरीत दोन किलो वाढवते
आणि तिने बोट उचलायच्या आत
वीब्रेनचा सांगाडा जाड होतो,
लिस्बनमध्ये बसलेल्या दुआर्तेची टाकी फुगते.
एकाला शिंक यावी
आणि दहाजणांनी नाक पुसावं.

चौथ्या दिवशी आकडा लाल झाला.
चौदाशे बारा. रॉकेट उचलणार तेराशे ऐंशी.
कॉफी गार होईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग स्टाव्रूला, जी एरवी फक्त वेळापत्रक विचारते,
म्हणाली, मॉडेलमध्ये एक रकाना वाढवा.
प्रत्येकाने लिहा, हातचा किती राखलाय.

बेरीज शिकताना बाईंनी सांगितलेलंच सगळे करत होते:
हातचा धरून ठेव, विसरू नकोस.
फक्त तो पुढच्या घरात द्यायचा असतो,
हे अकराजण विसरले होते.

बोगुमिलाने आधी चष्मा पुसला.
सात, ती म्हणाली. हीटरमध्ये सात किलो माझे.
तिचं एक यान पूर्वी थंडीने गेलं होतं.
एकोणीस रात्री ती कानाला हेडफोन लावून बसली होती,
आणि पलीकडे नुसती खरखर.
तेव्हापासून मी दोन स्वेटर घालते, ती म्हणाली,
आणि यानालाही घालते.
कुणी हसलं नाही.

वीब्रेनने चौदा लिहिले, कारण दिलं नाही.

माझी पाळी येईल असं मला वाटलंच नव्हतं.
राखणदाराचं काय असतं?
पण माझ्या हाताखाली एक ओळ होती, नाव 'तारा',
सगळ्या वायरींचं मिळून वजन,
आणि त्या ताऱ्यांच्या गर्दीत, खरंच सांगतो,
चार किलो मी दोन वर्षं लपवले होते.
कुणी विचारलं तर म्हणायचं, वायरी काय, लांबतातच.

चार लिहिले. कान गरम झाले.
मग दुआर्तेची टाकी आपोआप आक्रसली,
नऊ किलो इंधन, कुणाचंही नसलेलं,
फक्त आमचे पंचवीस वाहून नेण्यासाठी घेतलेलं.
तेराशे अठ्ठ्याहत्तर.
दुआर्तेचा आवाज अर्ध्या सेकंदाने उशिरा आला:
अरे, मी तर काहीच केलं नाही!

संध्याकाळी सायकली काढल्या.
पेंढ्याखाली ट्यूलिपचे कंद झोपलेले,
शेतकऱ्याने तिथेही थोडा पेंढा जास्तच घातलेला.
आउने माझ्या शेजारून, वाऱ्यात वाकून, ओरडली
की बॅटरीत अजून दोनशे ग्रॅम आहेत,
रकान्यात नाहीत, लिहू का?

मला ऐकू आलं नाही असं मी केलं.
वारा होताच.