पाच जीव

सोलापुरात, आमच्या साखर पेठेत, पाणी पाचव्या दिवशी येतं.
तेही रात्री. दीडला की तीनला, ते पाण्यालाच ठाऊक.
भूदेवी दिवसभर विड्या वळून वाकलेली,
म्हणून नळापाशी जागायचं काम माझं.
उलटी बादली, तिच्यावर मी,
हातात पोरीनं जुना झाला म्हणून दिलेला फोन.

खेळ तिनंच शिकवला.
"बाबा, एका रंगाचे तीन चौकोन जुळवा, फुटतात."
मला चौकोन शिकवते!
एकतीस वर्षं आलेखाच्या कागदावर चौकोन भरले मी.
चादरीवरचा मोर म्हणजे तरी काय,
चार हजार चौकोन, आणि एक चुकला
की मोराची मान मोडते.
पुठ्ठ्याला भोक पाडताना श्वास धरायचो.
मग मालकाच्या भाच्यानं कॉम्प्युटर आणला
आणि मोर अर्ध्या तासात व्हायला लागला.

आता मी चौकोन फोडतो.
फुटले की फोन म्हणतो, वंडरफुल.
कारखान्यात मोर बरोबर आला
तर कुणी काही बोलायचं नाही,
तीच शाबासकी.

जीव पाच असतात.
संपले की अर्ध्या तासाला एक मिळतो, फुकट.
नाहीतर एकोणनव्वद रुपये, पाचही लगेच.
पहिल्यांदा बोट थरथरलं.
नंतर नंतर पिन टाकताना मी बघणंही सोडलं.

कशाला कशाला नाही थांबलो मी?
भोंग्याला, सुताला, लाइटीला,
फंडाच्या कागदावर सही करणाऱ्या साहेबाला,
जो जेवायला म्हणून गेला तो बदलीच होऊन गेला.
या नळाला.
सगळ्या जन्मात एकच जागा सापडली
जिथं पैसे टाकले की थांबावं लागत नाही.

त्या रात्री सहाशे बारावी लेव्हल.
नळ आधी हवा सोडतो, म्हातारा खोकावा तसा.
ऐकलं मी. खोटं कशाला सांगू, ऐकलं.
दोन जांभळे फुटायचे राहिले होते, चाली संपलेल्या.
जादा चाली घेतल्या. हरलो.
जीव घेतले. पुन्हा बसलो
त्याच बादलीवर, जी नळाखाली लावायची होती.
पाणी मोरीतून गेलं, गटारीतून गेलं,
बोळातलं कुत्रं पोटभर प्यायलं.

सकाळी भूदेवीनं पिंपात तांब्या घातला,
तळाला खणकन लागला.
काही बोलली नाही. गाजुलांकडून दोन घागरी आणल्या.

पासबुक तिच्या नावाचं. विड्यांची मजुरी त्यातच येते.
प्रणितानं बँकेत छापायला टाकलं
तर मशीन खटखटतच राहिलं, धोटा फिरावा तसं,
एकोणनव्वद, एकोणनव्वद, एकोणनव्वद,
पान भरलं, उलटलं, पुन्हा तेच.
आडवे धागे नुसते. उभा एकही नाही.

भूदेवीनं मनात हिशेब केला.
"एकाला चारशे विड्या," म्हणाली. "छाट धरली तर जास्तच."
मग विचारलं, "त्यात मिळतं काय?"
"पाच जीव."
मांडीवर सूप, पान कापता कापता कात्री थांबली.
"आणि नाही घेतले तर?"
"अर्ध्या तासाला एक येतो. आपोआप."
"फुकट?"
"फुकट."
तिला हसू आलं. खरंच आलं,
तंबाखूचा ठसका लागेपर्यंत.
पोरगी मात्र माझ्याकडे बघत नव्हती.

आज पुन्हा पाचवा दिवस.
फोन प्रणिताच्या उशाखाली.
मी बादलीशेजारी, जमिनीवर,
बादली सुलटी, नळाखाली.
मोरीच्या फरशीत काळे-पांढरे चौकोन आहेत,
एका रंगाचे तीन कुठंच सलग नाहीत,
दोनदा बघितलं.
नळ अजून खोकला नाही.
अंगठा मांडीवर आपला आपणच सरकतोय,
डावीकडे, वर, पुन्हा डावीकडे.