आधी शून्य

डिचोलीला, बंद पडलेल्या खाणीच्या आवारात
आमचा सेट होता. लाल धूळ पापण्यांत बसायची.
सुगंधा वेर्णेकर इंदू करायची,
वजनकाट्यावरची कारकून.
ट्रक आला की मालक खिडकीशी वाकायचा, गोड बोलायचा,
ती वहीतून मान वर न काढता:
आधी शून्य दाखवा.

मी त्या मालकाची बायको. शैला.

जत्रेतल्या नाटकांत आम्ही दोघी
एकाच ट्रंकेतल्या साड्या नेसलेल्या,
माझ्या ब्लाउजला तिने टाके घातलेले.
तरी स्क्रिप्ट हातात आली की
माझा अंगठा आधी पानं मोजायचा.
तिची अकरा.
माझी साडेतीन, त्यातलं दीड चहा आणून देण्यात.
शाळा सुटली की मुली यायच्या
तिच्याबरोबर फोटो काढायला
आणि फोन माझ्या हातात द्यायच्या.
एक-दोनदा मी तिचं डोकं कापलं.
मुद्दाम.

मग म्हापशाच्या हॉटेलात, निर्मात्याच्या भावासमोर,
सोलकढीचा पेला फिरवत
मी फक्त एक वाक्य बोलले.
एवढी बोलणारी बाई घराघरात चालत नाही हो,
माझी आईसुद्धा चॅनेल बदलते.
आईकडे तेव्हा टीव्ही नव्हता.

पंधरा दिवसांनी नवी पानं आली.
इंदू रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीत चढते.
पाय घसरतो.
सुगंधाने लेखकाला विचारलं,
सात वर्षं रोज चोडणला जाणारी बाई
घसरते कशी?
तो पोरगा चष्मा पुसत राहिला.
वरून आलंय, म्हणाला.
वर म्हणजे कुठे ते मला ठाऊक होतं,
मी तेव्हा केसांना पिना लावत होते.

पडणं दाखवायचं नव्हतं. खर्च.
मांडवीत एक चप्पल तरंगली की झालं.
कपडेपटवाल्याला ऐन वेळी जुनी चप्पल मिळेना.
मी माझी दिली.
उजवी.

त्यानंतर माझी पानं वाढली. चौदा, कधी सोळा.
सोमवारी उपास, मंगळवारी नवस,
बुधवारी दाराआड उभं राहून ऐकणं,
आणि डोळ्यांत ग्लिसरीन, इतकं
की घरी कांदा चिरतानाही पाणी येईना.
भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.
वाक्य संपलं की मी थांबायची,
सवयीने,
तिने मान वर न काढता काहीतरी म्हणावं म्हणून.
दिग्दर्शक ओरडायचा, ताई, पॉज कशाला?
काट्याच्या खोलीत त्यांनी देव्हारा बसवला.
चांगला दिसायचा म्हणे कॅमेऱ्यात.

सुगंधा आता माशेलला शिवणाचा क्लास घेते असं ऐकलंय.
माशेल काही लांब नाही.
बस दर वीस मिनिटांनी असते.

काल बाणस्तारीच्या बाजारात
बांगडे घ्यायला वाकले, तर मासळीवाली बघतच राहिली.
तूं ती रडपी न्हय गो? शैला?
मी हसले. मग तिनेच विचारलं,
ती काट्यावयली बाय खंय गेली?
फेरीतून कोण पडटा? आमी रोज वता.

मी म्हटलं, मालिका होती, बंद पडली.
तिने मान हलवली, पटल्यासारखी नाही.
पाटीतले बांगडे उचलले, आणि मग
माझ्याकडे न बघता
काट्याचं ताट रिकामं केलं, फडक्याने पुसलं,
आकडे माझ्या बाजूला वळवले.
पयलीं शून्य पळय, म्हणाली.

पाहिलं मी.
मागे लोक खोळंबले होते तरी
बराच वेळ पाहत राहिले.

डावी चप्पल अजून आहे घरात.
कुठे टाकावी ते सुचत नाही.